ठकूचे बिनचुलीचे लाडू

एकदा काय झालं, सांगू? एक डोंगर चालत चालत आला आणि नदीच्या वाटेतच बसला. हो हो, डोंगर! तेव्हा डोंगर चालायचे, बरं का. बसला तो बसलाच. नदी अडली पलीकडे, आणि अलीकडचं गाव कोरडं पडलं. विहिरीच्या तळाशी थोडंसं पाणी उरलं. माणशी एक वाटी मिळायची, तीही प्यायला. पीठ मळायला नाही की भात शिजवायला नाही. चुली थंड पडल्या.

मग गावाने ठरवलं, कुणीतरी वर जायचं. डोंगराच्या कानाशी जाऊन सांगायचं, बाबा रे, जरा सरक. पण कान पार शेंड्याला. चढायला नऊ दिवस, उतरायला नऊ दिवस.

आधी गेले गावचे पैलवान. त्यांनी उरल्यासुरल्या भाकऱ्या बांधून नेल्या. तिसऱ्या दिवशी भाकऱ्यांना बुरशी आली. पैलवान उपाशीपोटी परत.

मग गेले शिकारी. त्यांनी वाटेत कंदमुळं भाजायला जाळ केला. डोंगराच्या पाठीला बसला चटका! त्याने अंग असं झटकलं, की शिकारी गडगडत थेट गावच्या पारावर.

मग कोण जाणार? कुणीच उठेना. तेव्हा ठकू म्हणाली, "मी जाते."

ही ठकू लोकांकडे कांडप करायची. उखळात मुसळाने धान्य कांडायचं, हेच तिचं काम. दंड कसे, लाकडासारखे. घरी ती आणि तिची सासू, भागामाय. भागामायच्या तोंडात एकही दात नव्हता.

भागामाय म्हणाली, "अगं, पण खाशील काय? पाणी नाही, जाळ करायचा नाही."

"बिनपाण्याचं, बिनजाळाचं काहीतरी करते, आत्याबाई."

मग ठकू घरोघर फिरली. कुणी मूठभर तीळ दिले, कुणी शेंगदाणे, कुणी सुकं खोबरं. तिने ते सगळं तापलेल्या कातळावर पसरलं. ऊन असं होतं, की तीळ तडतडले! मग सगळं उखळात घालून कांडलं आणि लाडू वळला. तो हातातच भुगा झाला.

मग तिने गूळ घातला, जरा जास्तच घातला. लाडू झाला दगडासारखा. भागामायने तो तोंडात फिरवला, या गालातून त्या गालात, आणि काढून हातात धरला. "ठकू, हा खाऊ की गोफणीत घालू?"

मग ठकूने बिया काढून खजूर घातला. गूळ नावालाच. आणि कांड कांड कांडलं, तिळा-दाण्यांना तेल सुटेपर्यंत. आता लाडू कसा वळला! मऊ, चकचकीत. भागामायने हिरड्यांनी चावून खाल्ला आणि बोटं चाटली. "हा टिकेल गं. पाण्याचा थेंब नाही याच्यात."

छत्तीस लाडू झाले. सकाळी एक, संध्याकाळी एक. ठकूने पिशवी कमरेला बांधली आणि निघाली.

चढली, चढली, चढली. पहाटे पानांवरचं दंव प्यायची. एक लाडू खाल्ला की पायांत बळ यायचं. नवव्या दिवशी शेंडा आला. तिथे हा एवढा थोरला कान! ठकूने आत तोंड घातलं.

"डोंगरदादा, सरका ना जरा. खाली माणसं तहानेने मरतायत."

आतून खोल आवाज आला, "ऐकू येतं गं मला नदीचं रडणं. उठायचं मनात आहे. पण दमून बसलो, तो अंगात बळच नाही."

ठकूने पिशवी चाचपली. पिशवीत अठरा लाडू होते. ती तिची उतरायची वाट होती. एक दिला तर एवढ्या मोठ्या डोंगराला काय पुरणार? आणि सगळे दिले तर घरी कसं जायचं? मग तिला भागामायचे सुकलेले ओठ दिसले. तिने पिशवी उघडली आणि अठराच्या अठरा लाडू डोंगराच्या तोंडात ओतले.

डोंगर सावकाश चावत राहिला. मग म्हणाला, "पोरी, आता तू काय खाणार?"

"बघीन काहीतरी. तुम्ही उठा आधी."

मग जमीन हलली. डोंगर गुडघ्यावर हात ठेवून, हुश्श करून उठला! एक पाऊल बाजूला, दुसरं पाऊल, तिसरं. आणि खालून खळ्ळकन आवाज. नदी सुटली! ठकू हसली आणि रडलीही. पण पुढे पाय टाकायला गेली, तर डोळ्यांपुढे अंधारीच आली.

"चालू नकोस," डोंगर म्हणाला. त्याने आपली एक सोंड लांब सोडली, थेट ठकूच्या अंगणापर्यंत. ठकू बसली आणि घसरली ती सर्रर्रकन! समोर भागामाय उभी. हातात पाण्याचा भरलेला तांब्या.

"आधी तू पी," भागामाय म्हणाली.

"नाही, आत्याबाई, आधी तुम्ही."

त्या दिवशी गावात घरोघर चुली पेटल्या. ठकू दोन गरम भाकऱ्या दुधात कुस्करून जेवली आणि आडवी झाली. दोन दिवस झोपली, बरं का! तिची झोप मोडू नये म्हणून सगळं गाव तिच्या आळीतून चपला हातात घेऊन चालायचं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

पुढे सगळे पोटभर जेवले, सुखाने नांदले. आता मिटा डोळे. ऐका, आपल्याही आळीत कुणी बोलत नाहीये.