शेकरूताईची मोजणी

फार मागे एका डोंगरातल्या जनावरांचं सामाईक कोठार होतं. तिथल्या बिया मोजायचं काम शेकरूताईकडे असे. एका वर्षी साठा बराच कमी भरला. राखणीला होता साळिंदरभाऊ, तिचा एकुलता एक मित्र.

"पोरं उपाशी होती गं ताई," तो हळूच म्हणाला. "पुरं भरलं म्हणून सांग ना."

तिचा जीव तुटला. पण पावसाळ्यात सगळ्यांचेच हाल झाले असते, म्हणून तिनं खरं ते सांगितलं. साळिंदरभाऊची राखण गेली. सगळ्यांनी बेतानं खाऊन पावसाळा काढला. मात्र 'ही उद्या आपलंही मोजेल' म्हणून तिच्याशी कुणी बोलेना.

वर्षानं साळिंदरभाऊ तिच्या झाडाखाली आला. ती आनंदानं सरसर उतरू लागली.

"मोजायला चल. तुझ्याशिवाय कुणाच्या आकड्यावर कुणाचा विश्वास नाही," तो म्हणाला आणि ती खाली पोचायच्या आत पाठ फिरवून निघून गेला.