खांबाखालचा आवाज

एक होतं धरण. धरणाखाली होती नदी, आणि नदीच्या वाळूत होती भोयांची एक खोप. खोपीत राहायची कौतिका, तिचा नवरा पुंजाजी आणि त्यांची चार महिन्यांची लेक. वर धरणावर होते दस्तगीर मिस्त्री, आणि मिस्त्रींच्या हाताखाली शिकून इंजिनेर झालेला विश्वंभर.

"मिस्त्री, सगळं झालं. आता आणखी काय राहिलं?" विश्वंभरनं विचारलं.

मिस्त्री भोंग्याच्या खांबाखालच्या दगडावर बसले होते. डोळे मिटून.

"ऐकायचं राहिलं," ते म्हणाले.

"ऐकलं की! आत्ताच वाजवला. माझे कान फुटायचे तेवढे राहिले."

"तू खांबाखाली ऐकलास."

"मग?"

"खांबाला उठवायचंय का रे आपल्याला?"

विश्वंभर हसला. हसला, पण गाल लाल झाले.

त्याचंही खरंच होतं, बरं का. काम देखणं केलं होतं पोरानं. आधीचा भोंगा गावाच्या लाइनीवर होता. त्या लाइनीला विजेचे तिन्ही फेज यायचे ते पंपांपुरते, दिवसाचे आठ तास. बाकीचा वेळ एकच. आणि भोंग्यातल्या असल्या मोटारीला तिन्ही लागतात. एकावर ती नुसती हंबरते अन् जळते. गेल्या उन्हाळ्यात तेच झालं. खालच्या गावांसाठी पाणी सोडायचं म्हणून बटण दाबलं, भोंगा हंबरला, धूर निघाला… आणि पाणी तर सुटलं होतं.

कौतिकेला तेव्हा नुकतेच दिवस गेलेले. गळ्याएवढ्या पाण्यातून पुंजाजीनं तिला ओढून काठावर काढलं. टरबुजांचे वेल गेले, दोन शेळ्या गेल्या.

तरी या वर्षी दोघं पुन्हा वाळूत येऊन बसली. जातील कुठं? टरबुजाचं बी मातीत रुसतं, वाळूत हसतं.

म्हणून विश्वंभरनं हट्टानं नवा भोंगा मागवला. बैलाच्या पोटाएवढा. धरणाच्या स्वतःच्या लाइनीवरून सात खांब टाकून तीन तारा आणल्या, म्हणजे पंपांच्या वेळापत्रकाशी संबंधच नको. खाली पाणी कधी सोडायचं ते वरून फोन आला की ठरायचं. आज येईल, आठ दिवसांनी येईल. फोन आला की भोंगा, आणि भोंग्यानंतर अर्ध्या तासानं दार उघडायचं.

"तिन्ही तारांवर विजेचा दाब सारखा आहे," विश्वंभर बोटांवर मोजत म्हणाला. "रंगाला रंग लावलाय. लाल, पिवळा, निळा. स्टार्टर नवा. मीटर लावून बघा पाहिजे तर."

"मीटरला कान असतात?"

"मिस्त्री, तुम्हाला चूकच काढायचीय."

मिस्त्री उठले. काठी घेतली.

"चल, टरबूज खाऊन येऊ."

गेटवरच्या माणसाला त्यांनी सांगितलं, बरोबर दहाला बटण दाब. आणि दोघं वाळू तुडवत निघाले. खोप होती कोसभर खाली.

कौतिका जात्यावर हरभरा भरडत होती. लेक झोळीत. दोन माणसं येताना दिसली तशी तिनं पदर सावरला.

"या चाचा. आज वाट कशी चुकलात?"

"तुझं टरबूज पिकलं का ते बघायला."

"आन् हे सायब?"

"हे भोंगा बसवणारे."

"व्हय?" कौतिकेनं विश्वंभरकडे नीट पाहिलं. "मोठा हाय का हो?"

"मोठा? तीन गावं ऐकतील, ताई."

तिनं टरबूज फोडलं. पुंजाजी वेलांत वाकलेला होता, त्यालाही हाक मारून फोड दिली. दहा वाजता काय होणार ते मिस्त्रींनी कोणालाच सांगितलं नाही.

विश्वंभरनं घड्याळ पाहिलं. दहाला दोन मिनिटं.

दहा.

कौतिका भरडतच होती. पुंजाजी बी थुंकत होता. नदीवर टिटवी ओरडली…

दहा वाजून एक मिनिट.

"झोपला वाटतं गेटवरचा!" विश्वंभरनं खिशातून मोबाईल काढला. नवा नवाच होता तो. "अरे, दाब ना बटण!"

पलीकडून गेटवरचा माणूस बोंब मारून बोलत होता, तरी त्याचं बोलणं कळेना. कारण मोबाईलमधून भोंगा ऐकू येत होता. असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

विश्वंभरनं फोन खाली केला. नदीकडे कान लावला.

काहीच नाही. बारीक गुणगुण… डासाची म्हणा, भोंग्याची म्हणा.

फोन पुन्हा कानाशी नेला. भोंगा!

पुन्हा खाली. टिटवी.

त्याच्या हातातली फोड वाळूत पडली. कौतिका जात्यावर, झोळीत ती चार महिन्यांची पोर, मागे कोरडी नदी. त्यानं एकदा झोळीकडे पाहिलं आणि मग कुठंच पाहवेना.

"दाब सारखा होता, मिस्त्री," तो पुटपुटला. "तिन्ही तारा… सगळं बरोबर होतं."

मिस्त्री कौतिकेच्या समोर जाऊन बसले.

"उठ पोरी, मला दे जरा."

त्यांनी जात्याचा खुंटा धरला आणि फिरवायला लागले. घरघर, घरघर. म्हातारा हात, पण आवाज असा की झोळीतली लेक दचकून उठली.

जात्याच्या कडेनं दाणे बाहेर पडू लागले. जवळपास आख्खेच.

कौतिका तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अवो चाचा! उलटं फिरवताय! जात्याला टाकीनं मारलेल्या रेघा एका अंगाच्या असत्यात. उलटं फिरवून नुसती बोंब व्हती, डाळ व्हत न्हाई."

मिस्त्री थांबले नाहीत. उलटंच फिरवत राहिले. आणि विश्वंभरकडे बघत राहिले…

विश्वंभर उभाच होता.

"गेल्या महिन्यात धरणाच्या लाइनीची डीपी बदलली," तो हळू म्हणाला. "तेव्हा वर खांबावर तारा अदलाबदल झाल्या असतील… मी फक्त माझ्याकडचे रंग बघितले. मी…"

चपला हातात घेऊन वाळूतून पळत सुटला. इंजिनेर माणूस, इस्त्रीची पँट, पण पळाला असा की पुंजाजी बघतच राहिला.

"काय झालं हो त्यास्नी?"

"शिकतोय," मिस्त्री म्हणाले. "फोड दे अजून एक."

वर जाऊन विश्वंभरनं काय केलं? खटका पाडला. मोटारीच्या तीन तारांपैकी दोन सोडल्या, आणि एकीच्या जागी दुसरी लावली, की उलटी फिरणारी मोटार सुलटी फिरते. एवढंच. नवी तार नाही, जादा दाब नाही, नवा खांब नाही. मग बटण दाबलं, आणि खाली उभं राहून ऐकलंसुद्धा नाही. मोटरसायकलला किक मारली, काठाकाठानं निघाला.

खोपीशी कौतिकेनं जातं आपल्या हातात घेतलं होतं.

तिचा हात मध्येच थांबला.

मान वर झाली.

दुसऱ्या क्षणाला लेक झोळीतून तिच्या खांद्यावर. "अवोऽऽ पाणी!" पुंजाजी वेल टाकून धावला. शेळी सोडली, जातं टाकलं, दोघं काठ चढून वर.

मिस्त्री एकटेच वाळूत बसून होते. टरबूज खात.

विश्वंभर पोचला तेव्हा कौतिका काठावर उभी होती, धापा टाकत, लेकीला छातीशी धरून.

"आलं का वो सायब पाणी?"

त्यानं हात जोडले. आधी तिला, मग खाली वाळूत बसलेल्या त्या म्हाताऱ्याला.

धरणाच्या वहीत त्या दिवशी त्यानं व्होल्ट लिहिले, अँपिअर लिहिले, आणि खाली, कोणी सांगितलेलं नसताना, एक ओळ लिहिली: भोयांच्या खोपीवर कौतिकाबाईंना ऐकू आला.

चौथ्या दिवशी वरून फोन आला. भर दुपार, झोपेची वेळ. भोंगा वाजला, आणि पाणी खोपीपर्यंत आलं तेव्हा तिथं चुलीची राख सोडून काही नव्हतं. पिकलेली टरबुजं काठावर, शेळी काठावर, जातंसुद्धा काठावर. पुंजाजीनं डोक्यावर वाहून आणलेलं.

त्या घराचे दिवस तिथून पालटले. पुढच्या साली टरबुजं अशी लागली की गाडी भरायला माणसं लावावी लागली. काठावर, उंचावर, दोन खोल्यांचं घर झालं. आणि ती झोळीतली लेक? शिकली. तारांचंच शिकली. परवा धरणावर नोकरीला लागली. भोयांच्या सात पिढ्यांत पहिली.

पहिल्या दिवशी तिनंच भोंग्याचं बटण दाबलं. दस्तगीर मिस्त्री आता ऐंशीच्या पुढचे, पण त्या दिवशी मुद्दाम येऊन खांबाखालच्या दगडावर बसले होते. विश्वंभर साहेब शेजारी उभे.

भोंगा थांबला. कानात घूं घूं राहिलं.

"चाचा," पोरीनं मोठ्या उमेदीनं विचारलं, "बरोबर वाजला ना?"

विश्वंभर साहेब खाली मान घालून हसले.

मिस्त्रींनी डोळे उघडले.

"मला काय विचारतेस, पोरी? मी तर खांबाखाली बसलोय."