एका अंगाची पट्टी

एकदा एका हळदीच्या व्यापाऱ्याने एक म्हातारी मोटार विकत घेतली. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, पण जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तिचं नाव अजूनही मानाने घेतलं जाई. शहरात दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरे. तिथे मूळ रूपाला सर्वांत जवळ असलेल्या गाडीला पहिला मान मिळे. तो मान आपल्या गाडीला मिळावा, एवढीच शेटजींची इच्छा होती. त्यांनी गाडी ओढत आणून थेट उस्तादांच्या गॅरेजात उभी केली.

उस्ताद म्हणजे तिथले वृद्ध मिस्त्री. त्यांच्या हाताखाली रोहिदास नावाचा शिष्य होता. मिसरूड फुटायच्या वयात तो गॅरेजात आला, आणि आता त्याची स्वतःची मुलगी शाळेत जाऊ लागली होती. गॅरेजात कसले आलेत गुरू-शिष्य, असं कुणी म्हणेल. म्हणो बापडा. आपल्या हातातली विद्या जो दुसऱ्याच्या हातात देतो तो गुरूच, मग त्याच्या अंगाला चंदनाचा वास येवो की ग्रीसचा.

रोहिदासची एका गोष्टीत मोठी ख्याती होती. एकाच गाडीच्या निरनिराळ्या मॉडेलांत बाहेरून काय फरक असतो, हे त्याला तोंडपाठ होतं. शेटजींच्या या गाडीचंच घ्या. तिची दोन मॉडेलं निघाली होती, साधं आणि डिलक्स. साध्याची पुढची जाळी रंगवलेली, डिलक्सची क्रोमची. साध्याचा बंपर सपाट, डिलक्सच्या बंपरवर दोन उभे ठोकळे. आणि मुख्य म्हणजे डिलक्सच्या दोन्ही अंगांना पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत चकचकीत क्रोमची पट्टी, तर साध्याचं अंग अगदी कोरं. जुनी गाडी समोरून गेली, तर हातातला चहा खाली न ठेवता रोहिदास सांगे, "साधं मॉडेल, पण जाळी डिलक्सची. कुणीतरी हौस भागवलीय." उस्तादांना या शिष्याचा फार अभिमान होता. त्याच्या तोंडावर ते तसं कधी बोलत नसत, गिऱ्हाइकांना मात्र आवर्जून सांगत.

ही गाडी त्यांनी पूर्णपणे रोहिदासवर सोपवली. "हिला पहिला मान मिळव," ते म्हणाले, "की दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुझं नाव." गाडीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही, कारण त्यांना तेव्हा धड दिसतच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले.

रोहिदासने गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्याला हसू फुटलं. गाडी साध्या मॉडेलची, आणि डाव्या अंगाला तेवढी डिलक्सची पट्टी! उजवं अंग कोरं. कुणाची तरी हौस अर्ध्यावरच संपलेली दिसत होती. पट्टीला मधोमध एक पोचाही होता. त्याने ती उचकटून भंगाराच्या कोपऱ्यात टाकली. पट्टीची भोकं झाळ मारून बंद केली, वर लांबी म्हणजे पुट्टी भरली, हाताला काही लागेनासं होईपर्यंत ती घासली आणि मग फिकट हिरव्या रंगाचे हात चढवले. ते काम असं झालं की त्याचा त्यालाच मोह पडला. संध्याकाळी घरी जाताना तो दोनदा मागे वळून गाडीकडे बघे आणि मनातल्या मनात पाटीवर आपलं नाव वाचे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी उस्ताद परतले. शेटजीही गाडी बघायला आले होते. काळा चष्मा कपाळावर सरकवून उस्तादांनी गाडीला फेरी घातली. उजव्या अंगाला त्यांनी समाधानाने मान डोलावली. डाव्या अंगाला आले, दरवाजावरून तळहात फिरवला, रंगाखालच्या बुजवलेल्या भोकांची ओळ त्या मुरलेल्या हाताला कळली, आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी वाकून गाडीचा नंबर वाचला, पुन्हा वाचला.

"हिच्या अंगावर पट्टी होती?" त्यांनी विचारलं.

"होती. काढली. साध्या मॉडेलला पट्टी नसते, उस्ताद."

"नसते," उस्ताद म्हणाले. "घेऊन ये ती."

मग त्यांनी शेटजींना बाजूला नेलं आणि ते त्यांच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलले. शेटजींच्या कपाळावर आठ्या चढल्या, हळूहळू उतरल्या, आणि अखेर त्यांनी होकार दिला. उस्ताद परत आले, त्यांनी ड्रिल मशीन उचललं आणि त्या नव्याकोऱ्या, आरशासारख्या रंगावर टेकवलं. रोहिदासच्या डोळ्यांदेखत दरवाजाला भोक पडलं.

त्याला संताप आला. ज्यांनी आपल्याला फरक ओळखायला शिकवलं, त्यांनीच आपल्या कामाची अशी माती करावी? तो तडक बाहेर गेला आणि पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने उस्तादही त्याच्या बाजूला येऊन टेकले.

"का?" रोहिदासने त्यांच्याकडे न बघता विचारलं.

"रोज फोन करायचास," उस्ताद म्हणाले. "डोळ्यात थेंब टाकले का विचारायचास, जेवलात का विचारायचास. पट्टी एकाच अंगाला का, हे एकदा तरी विचारायचंस की रे!"

रोहिदासने आता वळून त्यांच्याकडे पाहिलं, तसे उस्ताद सांगू लागले.

"ही गाडी द्वारकाबाई डॉक्टरांची. घाटाखालच्या वाड्यांत बाळंतपणं करत हिंडायच्या. त्या भागात अशी दुसरी गाडी एकच होती, जमीनदाराची, आणि ती डिलक्स. वाडीतल्या बायकांना ते भारी खुपायचं. त्याची गाडी नटलेली आणि आमच्या डॉक्टरीणबाईंची बोडकी! दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतात. त्या साली बायका माळेबरोबर ही पट्टी घेऊन आल्या. घाटात उलटलेल्या कुठल्याशा परगावच्या डिलक्सची होती, तिचं एवढं एकच अंग शाबूत राहिलं होतं. मी तेव्हा नवखा मिस्त्री. भोकं मीच पाडली. कुठल्या बाजूला लावू विचारलं, तर बायका म्हणाल्या, डावीकडं लाव, आम्ही अडलेल्या तिकडनंच गाडीत चढतो."

उस्तादांनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "पुढं बाईंना काही कमी नव्हतं. मी म्हटलं, पट्टी मिळतेय, उजवं अंगही करून टाकू. तर म्हणाल्या, 'विकतची पट्टी त्या पट्टीच्या जोडीला कशी लावू? लोक दोन्ही सारख्याच समजतील.' शेवटपर्यंत गाडी तशीच चालवली. उभी करायच्या तीसुद्धा डावं अंग लोकांना दिसेल अशी. कंपनीनं मॉडेलं दोनच काढली, रोहिदास. हे तिसरं त्या बायकांनी काढलं. आणि तू ते लांबी भरून बुजवलंस."

"मला काय माहीत, उस्ताद?"

"नव्हतंच माहीत. त्यात तुझी चूक नाही. तुझी विद्याही खोटी नाही. तिच्यामुळंच तर पट्टी तुझ्या नजरेला खटकली, दुसऱ्याला दिसलीही नसती. पण खटकलं की थांबून विचारावं माणसानं. तू दुरुस्त करून मोकळा झालास."

"आता पहिला मान जाणार."

"जाणार. शेटजींना सांगितलंय तसं. ते म्हणाले, लावा."

रोहिदासने पिंपातलं पाणी तोंडावर मारलं. मग उठून आत गेला. उस्तादांनी एकच भोक पाडलं होतं. उरलेली त्याने स्वतः पाडली, आणि पट्टी पुसून बसवली. पोचा ठोकून काढण्यासाठी त्याचा हात सवयीने हातोडीकडे गेला होता, तो त्याने मागे घेतला.

प्रदर्शनात परीक्षक आले. गृहस्थ सज्जन होते आणि जाणकारही. डाव्या अंगाशी येताच ते थबकले. "इतकं सुंदर काम, आणि ही पट्टी? नियमाप्रमाणे मला गुण कापावे लागतील."

"कापा साहेब," रोहिदास म्हणाला, "अगदी बिनदिक्कत कापा. पण ती कुणी लावली ते ऐकून जा." आणि त्याने सारी हकिगत सांगितली. सांगता सांगता त्याची मान आपोआप ताठ झाली. परीक्षकांनी शेवटपर्यंत ऐकलं, गुण कापले, आणि दुपारी ते आपल्या पत्नीला ती पट्टी दाखवायला घेऊन आले. पहिला मान दुसऱ्याच गाडीला मिळाला. शेटजींच्या गाडीभोवतीची गर्दी मात्र शेवटपर्यंत हटली नाही, आणि ती सगळी डाव्या अंगाला होती.

चार दिवसांनी गॅरेजात एक जुनी जीप आली. तिच्या बॉनेटवर पितळेचा एक छोटासा नंदी बसवलेला होता. कुठल्याही मॉडेलला कंपनीने असा नंदी कधी दिला नाही, हे रोहिदासइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने हातातला पाना खाली ठेवला, मालकापुढे स्टूल सरकवलं आणि विचारलं, "हा नंदी कुणी बसवला?"

आतल्या खोलीत उस्तादांनी ते ऐकलं. त्यांनी लगेच पाटी रंगवणाऱ्या पेंटरला बोलावणं धाडलं.

पाटीवर उस्तादांच्या नावाखाली रोहिदासचं नाव चढलं. पेंटर डबे आवरू लागला तेव्हा रोहिदासने त्याला थांबवून पाटीच्या डाव्या कडेला एक रुपेरी रेघ मारून घेतली. उजवी कड तशीच कोरी ठेवली. येणारेजाणारे अजून विचारतात, "दुसऱ्या बाजूची रेघ राहिली का हो?" आणि कुणी असं विचारलं, की रोहिदास हातातलं काम थांबवून त्याला आत बोलावतो.