मुटकूची झोप आणि मावशीची गाडी

एक होती खार. पाठीवर तीन रेघा, म्हणून नाव रेघी. शेवग्याच्या झाडावर तिचं घर. घरात कापूस. कापसात मुटकू. मुटकू म्हणजे रेघीचं पिल्लू, बोटाएवढं.

झाडाखाली रस्ता. रस्त्यावर स्पीडब्रेकर.

दुपारी मुटकूचा डोळा लागला. तेवढ्यात आली हौसामावशीची लाल गाडी. पुढचं चाक स्पीडब्रेकरवर चढलं. चढलं, आणि उतरलं.

खडाक् धडाम.

मुटकू दचकला. झोप गेली ती गेलीच. परवा गेली, काल गेली, आजही गेली. मुटकू रडून रडून लाल झाला. दूधसुद्धा पिईना.

रेघी हबकली. डोळे एवढाले, शेपूट ताठ.

"थांब हं राजा, तुझी झोप घेऊन येते," असं म्हणाली आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मावशीच्या दारात गाडी उभी होती.

"गाडी गं गाडी, गप्प हो ना.
मुटकूला झोप लागेना."

गाडी म्हणाली, "चाक नीट चालेल, तर मी गप्प होईन."

रेघी हबकली. एवढी मोठी गाडी, आणि तिचं कुणी ऐकत नाही? डोळे एवढाले, शेपूट ताठ. गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाका रे चाका, नीट चाल ना.
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

चाक म्हणालं, "माझ्यात हवा आहे, बघ. मी गोल आहे, बघ. माझ्या मागचा दांडा डुगडुगतो. दांडा थांबेल, तर मी नीट चालेन."

रेघी हबकली. चाकाच्या मागे कुणी राहतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. डोळे एवढाले, शेपूट ताठ. वाकून बघते तर काय, दांडा. काळा काळा, चिखलाने माखलेला.

"दांड्या रे दांड्या, थांब ना.
चाक नीट चालेना,
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

दांडा म्हणाला, "नट घट्ट बसेल, तर मी थांबेन."

नट होता रेघीच्या नाकाएवढा. रेघी हबकली. एवढासा नट, आणि एवढा धडाम? डोळे एवढाले, शेपूट ताठ.

"नटा रे नटा, घट्ट बस ना.
दांडा काही थांबेना,
चाक नीट चालेना,
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

नट म्हणाला, "पाना मला पिळेल, तर मी बसेन."

पाना कुठे? समोरच्या गॅरेजात, खिळ्याला लटकलेला. रेघी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पान्या रे पान्या, फिर ना.
नट घट्ट बसेना,
दांडा काही थांबेना,
चाक नीट चालेना,
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

पाना म्हणाला, "मिस्त्री मला उचलेल, तर मी फिरेन."

बशीर मिस्त्री बशीतून चहा पीत होता. फुर्र. फुर्र.

"चाचा हो चाचा, उठा ना.
पाना काही फिरेना,
नट घट्ट बसेना,
दांडा काही थांबेना,
चाक नीट चालेना,
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

मिस्त्री म्हणाला, "पोरी, माझ्या अब्बांची शिकवण आहे. आधी कानाने ऐकायचं, मग हाताने उघडायचं. मावशी गाडी आणेल, तर मी उठेन."

रेघी हबकली. डोळे एवढाले, शेपूट ताठ. परत मावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

मावशी गाडीत बसली होती. खिडकी उघडी, गाणं सुरू. ढिंगच्याक्, ढिंगच्याक्.

"मावशी हो मावशी, ऐका ना.
मिस्त्री काही उठेना,
पाना काही फिरेना,
नट घट्ट बसेना,
दांडा काही थांबेना,
चाक नीट चालेना,
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

मावशीने मान उडवली. दसऱ्याला गाडीची पूजा केली होती म्हणे. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आता कसला आलाय खडाक् आणि कसला धडाम? "मला तर बाई गाणंच ऐकू येतं. गाणं थांबेल, तर मी ऐकेन."

असं म्हणून तिने गाडी सुरू केली. घुर्र.

रेघीने टुणकन उडी मारली. खिडकीतून थेट आत.

"गाण्या रे गाण्या, थांब ना.
मावशी काही ऐकेना,
मिस्त्री काही उठेना,
पाना काही फिरेना,
नट घट्ट बसेना,
दांडा काही थांबेना,
चाक नीट चालेना,
गाडी गप्प होईना,
मुटकूला झोप लागेना."

गाणं म्हणालं, "बटण कुणी दाबेल, तर मी थांबेन."

रेघीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं. उरली होती एकटी रेघी. आणि समोर आला स्पीडब्रेकर.

रेघीने पंजा उचलला. टिक्.

गाणं थांबलं.

खडाक् धडाम.

मावशी हबकली. आता मावशीचे डोळे एवढाले. हात तोंडावर. "अगंबाई. ही माझी गाडी?"

मग काय.

गाणं थांबलं, मावशीने ऐकलं.
मावशीने ऐकलं, गाडी गॅरेजात आणली.
गाडी आणली, मिस्त्री उठला.

मिस्त्री गाडीत मावशीशेजारी बसला, डोळे मिटून. एकदा स्पीडब्रेकर. दोनदा स्पीडब्रेकर. "पुढून, डावीकडून," तो म्हणाला. गॅरेजात नेऊन त्याने गाडी जॅकवर उचलली. चाक धरून हलवलं. मागे हात घातला. दांडा डुगडुगला, डुग् डुग्. सापडला.

मिस्त्री उठला, पाना फिरला. कर्र, कर्र, कच्च.
पाना फिरला, नट बसला.
नट बसला, दांडा थांबला.
दांडा थांबला, चाक नीट चाललं.

गाडी निघाली. स्पीडब्रेकर आला. रेघीने कान झाकले. चाक चढलं. चाक उतरलं.

काहीच नाही.

रेघी हबकली. डोळे एवढाले, शेपूट ताठ. काहीच कसं नाही?

मावशीचं बोट गाण्याच्या बटणाकडे गेलं. मग तिने वर झाडाकडे बघितलं. बोट हळूच मागे आलं.

वर कापसात मुटकूने जांभई दिली. एक डोळा मिटला. दुसरा डोळा मिटला.

रेघी चढली, अगदी हळू. तुरु... तुरु...

आता तुम्हीपण हळू बोला. मुटकू झोपलाय.