आत येऊ का, सर?

"पण सर, वर्ग म्हटला की शिस्त नको का?"

पराग पेठेने प्रश्न विचारला खरा, पण त्याला उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती. तेवढ्यासाठी तो घाट चढून मुकादम सरांच्या पडवीत येऊन बसला होता. सरांनी त्याला कधीकाळी भूगोल शिकवला होता. आता तो स्वतः कॉलेजात भूगोल शिकवत होता.

सर सुपारी कातरत होते.

मग परागच सांगत सुटला. अतिवृष्टीत नदी कॉलेजात शिरली, बाकांवर गाळ बसला, घाटाखालच्या तळेवाडीवर दरड आली. बाकीच्या प्राध्यापकांनी हातपाय गाळले. एकट्या परागने मोबाइलवरून तास चालू ठेवला, एक दिवस खाडा नाही! पेपरात फोटोसुद्धा आला होता. त्याचं कात्रण त्याने हळूच सरांपुढे सरकवलं.

"छान आलाय," सर म्हणाले. "मुलं कशी आहेत?"

"येतात ना. पण ती मजा नाही, सर. पूर्वी मी वर्गात शिरलो की सगळी खाडकन उभी राहायची. आता नुसते काळे चौकोन. त्यात कोण बसलंय नि कोण आडवं झालंय, देव जाणे!"

"हं..."

"आणि एक तर महाउर्मट. रेवती गोताड. सारखा माइक चालू, मागे कसल्याशा मशीनची घरघर. मी बंद केला की ही पुन्हा चालू करते! शेवटी दिली काढून वर्गातून. तरी रोज आत यायची परवानगी मागते, आणि मी रोज नाही म्हणतो. चुकलं का माझं?"

सरांचा अडकित्ता थांबला.

"कुठली ही मुलगी?"

"तळेवाडीची."

"दरड आली, ती?"

"हो... तीच."

"घरी कोण कोण आहे तिच्या?"

"विचारलं नाही."

"कुठे बसून तुझा तास ऐकते?"

"तेही नाही विचारलं, सर."

"मग विचारलंस तरी काय?"

"मातीचे प्रकार," पराग म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचे कान तापले.

तासाची वेळ होत आली होती. पराग चुळबुळला.

"घे की तास. इथंच घे," सर म्हणाले. "आज काय शिकवणार?"

"अभ्यासक्रमात पुढे जे आहे तेच. उतारावरची माती का सरकते..."

सरांनी डोळे मिटून घेतले.

परागने मोबाइल कात्रणावरच टेकवून उभा केला. एकेक चौकोन आला. मग टिंग वाजलं. रेवती गोताड आत यायची परवानगी मागत होती. परागचं बोट सवयीने 'नाही'कडे वळलं.

"दार वाजतंय, पराग," सर डोळे न उघडता म्हणाले. "उघड."

त्याने उघडलं. पडवीभर घरघर झाली. लोखंड दगडावर खरवडल्याचा आवाज. परागचा हात माइक बंद करायला गेला, तर सरांनी त्यावर आपला हात ठेवला.

"काढू नका हो, सर," रेवती घाईघाईने म्हणाली. "मी मुद्दाम नाही करत. मोबाइल चिखलातून काढलाय. माइक आपला आपण चालू होतो."

"कुठे आहेस तू?" परागने विचारलं.

"घरापाशी... म्हणजे घर होतं तिथं. जेसीबी लावलाय. बाबा अजून आत आहेत."

घरघरीवरून तिचा आवाज पुन्हा आला.

"तासाला बसलं की तिकडे बघावं लागत नाही, सर. म्हणून येते."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणसं सहज म्हणून जातात. परागच्याही ते ओठाशी आलं, आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ही पोर रोज दारात उभी राहिली, आणि रोज आपण तिला परत त्या मशीनकडे बघायला धाडलं! त्याला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात मशीन थांबलं.

लांबून माणसांचा गलका आला. कुणीतरी ओरडलं, "पोरीला धरा रे, पोरीला धरा!"

मग तेही थांबलं...

"सर."

"बोल, बाळ," पराग म्हणाला.

"बाबा सापडले."

पराग मोबाइलकडे वाकला.

"आता आवाज नाही येणार, सर," रेवती म्हणाली. तिचा स्वर अगदी सपाट होता. "तुम्ही शिकवा."

परागने भरल्या डोळ्यांनी आपल्या गुरूकडे पाहिलं.

"सर... मी काय शिकवू हिला?"

मुकादम सरांनी अडकित्ता बाजूला ठेवला. गुडघ्यांवर हात रेटून, कण्हत कण्हत ते उठले आणि त्या एवढ्याशा मोबाइलपुढे हात बांधून, मान खाली घालून उभे राहिले.

पराग अजून बसूनच होता.

"शिक्षक वर्गात आले की उभं राहायचं असतं, पराग."