काळजीवहिनी आणि माहेरची केळ

नदीपलीकडच्या एका खेड्यात एक बाई राहायची. तिला नाव होतं, पण सगळे तिला काळजीवहिनीच म्हणत. दूध उतू जाईल म्हणून ती चूल पेटवायच्या आधीच फुंकर मारायला बसायची.

तिच्या परसात माहेरून आणलेली केळ होती. माहेरची बाग पुरात गेली, त्यामुळे त्या गोड जातीची ती एकटीच उरलेली. घड उतरला तशी वहिनी पुढच्या काळजीला लागली. केळ एकदाच फळते, मग सुकते. पुढचा वंश म्हणजे बुंध्याशी फुटलेले दोन कोंब, दोन मुनवे. एक गुबगुबीत, रुंद पानांचा. दुसरा किडकिडीत, पानं तलवारीच्या पात्यासारखी.

"बाळ कसं अंगानं भरलेलं हवं," म्हणत वहिनीने गुबगुबीत मुनवा अंगणात लावला. किडकिडीत शेजारच्या आळशी जावेला देऊन टाकला. जावेने तो मोरीच्या पाण्याच्या वाटेत खोचला आणि विसरून गेली.

वहिनी विसरणाऱ्यातली नव्हती. मूळ धरलं का, हे ती रोज सकाळी माती उकरून बघायची. दुपारी छत्री धरायची. संध्याकाळी पुन्हा उकरायची, कारण सकाळी नीट दिसलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी मुनव्याने मान टाकली.

वर्षभराने जावेच्या मोरीपाशी मात्र केळ डोलत होती, पायाशी पिल्लं घेऊन. वहिनी पदराने डोळे पुसत गेली.

"ताई, एक मुनवा द्या हो. माहेरच्या बागेतलं तेवढंच उरलंय."

"घे की! पण तलवारीच्या पानांचा घे. तुझ्या मोरीपाशी लाव आणि महिनाभर माहेरी जा."

"मग त्याच्याकडे कोण बघणार?"

"कुणी नाही. तेच औषध आहे, बाई."

वहिनीने मुनवा मोरीपाशी लावला आणि माहेरी गेली. पहिल्याच दुपारी आईने तीनदा तिच्या कपाळाला हात लावला, चारदा 'पोटभर जेवलीस ना?' विचारलं, आणि तिचा डोळा लागताच झोप नीट लागली का, हे विचारायला हलवून उठवलं.

"आई गं, मला सारखी उकरू नकोस!" वहिनी ओरडली.

आणि आपलाच शब्द कानावर पडताच तिला अंगणातला मुनवा आठवला. मग पोट धरधरून हसली.

महिन्याने परतली, तर मुनव्याला नवं पान, सुरळीतून अर्धं उलगडलेलं. वहिनीचा हात मातीकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि तशीच घरात गेली.

तात्पर्य एवढंच: मूळ धरणाऱ्याला पाणी द्यावं आणि हात मागे बांधावेत. दिवसातून एकदा लांबून बघितलं तर चालतं. फार तर दोनदा.