सहा घरांची भेंडी

एका गावात सहा घरांची एक आळी होती. सहाही घरं अतिशहाणी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं डोकं जरा कमी दुखेल.

या सहा घरांनी मिळून विहिरीजवळच्या पडीक जागेत भेंडी लावली. खणलं सगळ्यांनी, पाणीही आळीपाळीनं घातलं. पीक असं आलं की बघत राहावं. पण झाडांना फुलं दिसली आणि प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या हातांकडं वळली. शेजाऱ्यानं जास्त तोडली तर? मग नियम झाला: सहाही घरांतलं एकेक माणूस हजर असल्याशिवाय एकाही भेंडीला हात लावायचा नाही.

टोकाच्या घरातल्या सुनेला दिवस गेले होते. बिचारीच्या पोटात अन्न म्हणून ठरेना. एक दिवस ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, कोवळी भेंडी खावीशी वाटतेय. नुसती, कच्ची."

सासू धावत आळीतल्या शिंप्याकडे गेली. "चारच तोडते हो. पोरीनं कालपासून काही खाल्लं नाही."

"तोडा की," शिंपी म्हणाला, "पण सगळे जमू देत. सुतार सासुरवाडीला गेलाय."

सुतार परतला, तर शिंप्याच्या घरी उपास. आपण खायची नाही ती भाजी आज कशाला वाटायची, म्हणून ते आले नाहीत. उपास सुटला, तर तांबट रुसला. म्हणे, मला बोलावणं सगळ्यांत शेवटी आलं!

सासूचा संताप झाला. "अरे, भेंडी काय तुमची वाट बघत थांबणार आहे? झाडावर जून होतेय ती!"

"होऊ दे काकू," सुतारीण म्हणाली. "आज तुमच्या चार, उद्या कुणाच्या टोपलीभर. नियम म्हणजे नियम."

आता या लोकांपुढं कपाळ कुठं आपटावं? भेंडी वेळेवर तोडली तर नवी येते, ठेवली तर झाड फुलायचं थांबतं. हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण नियम मोडायचा कुणी?

अखेर एकदाची सहाही घरं जमली. बोटभर भेंड्या वीतभर झाल्या होत्या. झाडांवर एक फूल नव्हतं. तरी मंडळींनी मोजून सहा ढीग लावले. एक भेंडी उरली, तिच्यावरून तासभर भांडण झालं. ती विळीला दाद देईना, तेव्हा सुतारानं करवत आणून तिचे सहा तुकडे केले.

सासूनं आपला वाटा घरी नेला. सुनेनं त्यातली एक भेंडी तोंडात घातली, खूप वेळ चावली आणि बाहेर काढली. तिचे डोळे भरून आले. उरलेला ढीग सासूनं गाईपुढं टाकला, तर गाईनंही तोंड फिरवलं.

तेवढ्यात सुतारानं कुंपणावरून हाक मारली, "काय काकू, वाटणी चोख झाली की नाही?"

"अगदी चोख," सासू म्हणाली. "कुणालाच काही मिळालं नाही."

तात्पर्य एवढंच, की शेजाऱ्याला घासभर जास्त जाईल या धास्तीनं जो सगळ्यांचं ताट अडवून बसतो, तो स्वतःही उपाशीच उठतो.